न्यूकॅसलच्या चाहत्यांबद्दल थोडं

'चषक मिळाला ना, मग पैसा कुणाचा याच्याशी चाहत्याला काय करायचंय?' हे मत मला पटत नाही. पण न्यूकॅसल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना दोषही देववत नाही. आधीच्या मालकाच्या, माइक अ‍ॅशलीच्या १४ वर्षांत संघ दोनदा खालच्या विभागात घसरला, क्लबच्या सेंट जेम्स पार्क या मैदानाला काही काळ त्याच्या दुकानांचं नाव चिकटलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो क्लब विकून गेला तेव्हा मैदानाबाहेर जो जल्लोष झाला, तो आधी सुटकेचा होता.

मात्र ८० टक्के मालकी ज्या सौदी सरकारी गुंतवणूक निधीकडे गेली, त्याचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान. सौदी हस्तकांनी केलेल्या पत्रकार जमाल खशोग्जींच्या खुनाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्या गर्दीत काहीजण अरबी वेश करून नाचत होते, ते मला आजही खटकतं.

मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला, १९५५ नंतरचा पहिला मोठा देशांतर्गत चषक. पहिला गोल डॅन बर्नचा! जवळच्याच ब्लाइथचा पोरगा, लहानपणी याच क्लबने सोडून दिलेला. त्या हेडरला माझे डोळे भरून आले.

सौदी मालकीविरुद्ध गट काढणारेही याच क्लबचे चाहते आहेत. त्यांना कृपया गद्दार म्हणू नका.