जिन्याचा रंग: दिवाळीच्या आत ठरवायचंय

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गणपती झाले, पाऊसही आवरत आलाय. आपला लाकडी जिना यंदा दिवाळीच्या आत रंगवून घेऊ. बाहेरच्या भिंतींसाठी आणलेल्या इमल्शनचा (पाण्यात कालवायच्या रंगाचा) एक डबा जिन्याखाली पडून आहे. तोच मारला तर वर्गणी काढायला नको. हरकत असेल तर इथेच सांगा, नंतर जिन्यात उभं राहून नको.

बंटी १४: चालेल. फुकट ते पौष्टिक.

नाना: नाही चालणार. इमल्शन भिंतीसाठी असतं. त्याचा थर मऊ राहतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात चपलेला चिकटून निघेल. शिवाय खाली जुना ऑइल पेंट आहे, गुळगुळीत. त्याच्यावर ते धरायचंच नाही.

बंटी १४: ऑइल पेंट आहे कशावरून?

नाना: मेडिकलमधलं स्पिरिट कापसावर घे आणि कठड्याजवळ कोपऱ्यात घास. इमल्शन असेल तर रंग कापसावर उतरतो. ऑइल पेंट दाद देत नाही.

बंटी १४: घासलं. कापूस नुसता मळला, रंग नाही आला.

वहिनी ११: नाना, मी काय म्हणते, सगळा जुना रंग खरवडून काढू ना. खाली सागवान आहे, मधे झिजलंय तिथे दिसतंच. नुसतं पॉलिश केलं तर किती छान दिसेल!

नाना: दिसेल हो वहिनी, पण काढायचं कसं? घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या जिन्याचे खालचे थर कितीतरी जुने. ते कोरडे घासले की धूळ प्रत्येक खोलीत जाणार. तळमजल्यावर रांगतं मूल आहे, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवरच घाला घालतं. ब्लो लॅम्पने जाळून काढू म्हणाल, तर शिशाचा धूर वेगळा आणि लाकडी जिन्यात आगीचा खेळ वेगळा.

वहिनी ११: बापरे. मग राहू दे.

नाना: सुटलेले पापुद्रे तेवढे पाणी मारून पत्तीने काढायचे. घट्ट बसलेला रंग राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. तो १८० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा घासकागद) ओलाच घासायचा, चकाकी जाईपर्यंत. मग ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू अजिबात नको. दोन दिवस वाळू द्यायचं. जिथे लाकूड उघडं पडलंय तिथे वुड प्रायमर. सगळं काम इथेच आहे. पेंटर म्हणेल, "साहेब, डायरेक्ट दोन हात मारतो." त्याला नाही म्हणायचं.

सेक्रेटरी: आणि लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी?

नाना: उभ्या फळ्यांना भरा हवी तेवढी. पायरीवर जाड लांबी नको, पायाखाली तडकते. फुटलेल्या काठांना एपॉक्सी फिलर भरू. त्याआधी प्रत्येक पायरी खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. भस्सकन आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे. तिथे आधी सुतार, मग पेंटर.

बंटी १४: मी ऑनलाइन टू-पॅक पीयू बघितलं, दोन डबे कालवून मारायचं पॉलियुरेथेन. गाडीच्या रंगासारखं टणक होतं म्हणे. एकदाच मारू आणि विसरू.

नाना: टणक होतं, नाही कशाला म्हणू. पण त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे कडक करणाऱ्या दुसऱ्या डब्यात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते दम्याच्या माणसाला फार वाईट, आणि दोघं दमेकरी याच जिन्याने रोज चढतात. त्यात हवेत दमटपणा असला की हार्डनर ओलाव्याशीच जुंपतो, थरात बुडबुडे येतात. एकदा कालवलं की काही तासांत संपवावंही लागतं. आपल्याला एकाच डब्यात येणारं पीयू इनॅमल पुरे. वास येईल, खिडक्या उघड्या ठेवू.

मावशी ५: रंगाचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, निसरडं होणार का? पावसात ओल्या चपलांनी आधीच जीव मुठीत धरून उतरते मी.

नाना: पहिला हात ओला असतानाच पायरीच्या पुढच्या काठावर बारीक सिलिका वाळू भुरभुरायची. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झटकायची आणि वरून दुसरा हात. पाय धरून राहतो.

मावशी ५: मग तो काठ पिवळा करा. संध्याकाळी मला पायरी कुठे संपते तेच कळत नाही.

वहिनी ११: हे बेस्ट. बाकी तपकिरी, काठ पिवळा. रंगावर आता कोणी चर्चा काढू नका, प्लीज.

सेक्रेटरी: खर्च किती?

नाना: पायरी ३ फूट लांब, १० इंच रुंद, म्हणजे अडीच चौरस फूट. ४० पायऱ्यांचे १०० चौरस फूट. उभी फळी ७ इंच, त्यांचे ७०. एका लिटरमध्ये दोन हात ६०-७० चौरस फूट होतात. पायऱ्या आणि उभ्या फळ्या मिळून तीन लिटर. रंग स्वस्तात होईल, पैसे जातील घासण्याच्या मजुरीत. म्हणून सांगतो, मजुरीत घासाघीस करू नका, नाहीतर तो पेपरच घासायचा नाही.

मावशी ५: आणि रंग ओला असताना मी वर कशी येऊ? एक सोडून एक पायरी रंगवतात म्हणे. माझे गुडघे दोन-दोन पायऱ्या चढणारे नाहीत.

नाना: उभा अर्धा भाग करू. एका रात्री भिंतीकडची बाजू, कठडा धरायला मोकळा. ती नीट वाळली की कठड्याकडची. मधे मास्किंग टेप, आणि रंग ओला असतानाच ती ओढून काढायची, म्हणजे रेघ सरळ येते. तिथे थोडा जोड दिसेल, दिसू दे.

वहिनी ११: कठड्याच्या रात्री मावशी, तुम्ही दहाच्या आत घरी. काही लागलं तर मला फोन करा.

सेक्रेटरी: सकाळी चालायला हरकत नाही ना?

नाना: अनवाणी चाला. पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो, तोवर गॅसचा सिलिंडर घरंगळत नेऊ नका आणि कपाटं हलवू नका. अजून एक, रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पाण्याच्या बादलीत टाका. पेंटरलाही सांगा, लाकडी इमारत आहे.

सेक्रेटरी: ठीक. रविवारी टोचाटोची, मग सुतार लागतो का ते बघू. दूधवाला आणि पेपरवाल्याला मी सांगतो. इमल्शनचा डबा कोणाला घरच्या भिंतीला हवा असेल तर घेऊन जा.

बंटी १४: डबा माझा. वॉटर पेपर मी आणतो, नागदेवी स्ट्रीटवर जायचंच आहे. नाना, किती आणू?

नाना: दोन डझन. आणि १८० चाच आण, दुकानदार ८० चा देईल तो घेऊ नकोस.