घरात लेथ ठेवणं परवडतं का? बडोदेकरांनो, अनुभव सांगा

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ३० वर्षं टर्नर होतो, म्हणजे लेथ चालवायचो, आता निवृत्त झालोय. मांजलपूरच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे जुना साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन, बसवायचं मनात आहे. मशीनमधलं मला कळतं; ते घरात आल्यावर काय होतं ते ठाऊक नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरं काय ते सांगा.

दांडिया बाजार:
काका, आमच्या वाड्यात आजोबांपासून लेथ आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ते शिकले. पैशाचा हिशोब मांडलात तर नाही परवडत. जुना लेथ विकून मी दुसरा घेतला, तो स्वस्तात मिळाला. पण फोर-जॉ चक (तुकडा धरायचा चार जबड्यांचा पंजा), ड्रिल चक, डायल गेज, मायक्रोमीटर, टूल घासायला ग्राइंडर असं करत दोन वर्षांत मशीनइतकाच पैसा पुन्हा गेला.

तरी गेल्या मे महिन्यातलं सांगतो. शेजारच्या आजींच्या पाण्याच्या पंपाचा बुश (शाफ्टभोवतीची धातूची नळी) गेला, रविवार, सगळं बंद. गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) तुकडा पडलेला होता, रात्री नऊला चकात धरला. माझ्या क्रॉस स्लाइडला, म्हणजे हत्यार आडवं पुढे-मागे नेणाऱ्या भागाला, ०.२ मिमी ढिलाई आहे. हँडल उलटं घेतलं की तेवढं रिकामं फिरतं. म्हणून माप चुकलं की अर्धा फेरा मागे जाऊन परत त्याच बाजूने यायचं. शेवटचे दोन कट अगदी बारीक घेतले. शाफ्ट अंगठ्याच्या दाबाने आत गेला आणि जरासुद्धा डुगडुगला नाही. साडेअकराला आजींच्या नळाला पाणी आलं. बाहेर या कामाचे दीडशे रुपये घेतात. मी लेथ विकणार नाही.

सुभानपुरा:
आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. छोटं बेंच मशीन होतं, तरी खालच्यांच्या भांड्यांचा आवाज व्हायचा. वर्षभरात काढलं. तळमजला नसेल तर नादी लागू नका.

समा:
ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शेडमध्ये लेथच्या बेडच्या (मशीनच्या लांब पायाच्या) वर चढलं. ओसरल्यावर आधी घर धुतलं, तिथेच चुकलो. चौथ्या दिवशी बेडवर तांबूस थर, हेडस्टॉकमधलं (गिअरच्या पेटीतलं) ऑइल दुधासारखं पांढरं. रॉकेलने धुऊन, मोटर रिवाइंड करून मशीन चाललं, पण बेडवरचे खड्डे हाताला लागतात. आता विटांच्या दोन फुटी ओट्यावर बसवलंय. पावसाळ्यात रोज रात्री ऑइलचं फडकं फिरवतो.

गोत्री:
घरी सिंगल फेज असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारं उपकरण) लावा. मात्र त्यातून २३० व्होल्टच थ्री फेज मिळतं, त्यामुळे मोटर डेल्टात (कमी व्होल्टच्या जोडणीत) जोडता येते का, ते प्लेटवर आधी वाचा.

कारेलीबाग:
माझ्या यजमानांचं बोट हातमोज्यामुळे गेलं. फिरत्या जॉबला (मशीनवरच्या तुकड्याला) हातमोजा घासला आणि हात आत ओढला गेला. मी घरात होते म्हणून स्विच बंद झाला. काका, कारखान्यात आजूबाजूला चार माणसं असतात. घरी दुपारी कोण असेल, ते आधी ठरवा.

मांजलपूर (पुन्हा मीच):
ताई, तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या हिला वाचून दाखवलं. शेडच्या दाराशी, मशीनपासून लांब, एक मोठा लाल स्विच बसवायचा आणि ती भाजीला गेली की लेथ बंद, असं ठरलंय. ओटाही दोन फुटीच बांधतो. रविवारी मशीन बघायला जातोय.