शब्दचर्चा: जिओकॅशिंगमधले डीएनएफ, थ्रोडाउन, टीएफटीसी वगैरे

धागाकर्ता:
नुकतंच जिओकॅशिंग (कोणीतरी लपवलेला डबा, म्हणजे कॅश, जीपीएसवरून शोधायचा खेळ) सुरू केलंय, पण लोकांचे लॉग, म्हणजे शोधून आल्यावर नेटवर टाकलेल्या नोंदी, वाचताना निम्मे शब्द डोक्यावरून जातात. डीएनएफ म्हणजे डिड नॉट फाइंड, एवढं कळलं. पण तो टाकायचा कधी? पाच मिनिटं झुडपात हात घालून परत आलो तरी डीएनएफच म्हणायचं का? आणि ज्याने कॅश लपवलाय त्याला तो टोमणा तर वाटत नाही ना? थ्रोडाउन आणि मगल हे काय प्रकार आहेत तेही सांगा. आणि तो कॅश की ती कॅश?

प्रतिसाद १:
मी 'तो कॅश' म्हणतो, डबा म्हणून. 'ती कॅश' म्हटलं की पैसे वाटतात आणि "कॅश सापडली!" असं चारचौघांत ओरडलात तर भलतेच लोक गोळा होतील. मूळ शब्द फ्रेंच, लपवणे या अर्थाचा. सुरुवातीला याला 'स्टॅश' म्हणायचे. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये एक बादली ठेवून तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) नेटवर टाकले. पण स्टॅश म्हटलं की चोरीचा माल किंवा नशेचं सामान डोळ्यासमोर येतं, म्हणून त्याच महिन्यात जिओकॅशिंग हा शब्द सुचवला गेला आणि तोच टिकला.

प्रतिसाद २:
डीएनएफबद्दल. टोमणा वगैरे काही नाही, उलट नवीन लोक लाजून तो टाकतच नाहीत तिथे खरी पंचाईत होते. समजा डिफिकल्टी (शोधायला किती अवघड, एक ते पाच) दीड आहे, म्हणजे कोणालाही पटकन सापडावा असा, आणि ओळीने तीन डीएनएफ पडले तर मालक समजतो की डबा गेला, जाऊन बघितलं पाहिजे. तेच डिफिकल्टी साडेचारच्या कॅशवर दहा डीएनएफ असले तरी कोणी ढुंकून बघत नाही, तो अवघडच आहे. आता तुम्ही तिघे गेलात, तिघांना मिळाला नाही आणि तिघेही गप्प बसलात तर चौथा माणूस उगाच तंगडतोड करून येणार.

प्रतिसाद ३:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त पाच मिनिटांवाल्याला मी डीएनएफ म्हणणार नाही. पाऊस आला, गर्दी होती म्हणून शोधलंच नाही, तर लॉगमध्ये 'नोट', म्हणजे साधी टिप्पणी टाका. नीट शोधून मिळाला नाही तरच डीएनएफ.

प्रतिसाद २:
यावर कायम वाद असतो. काही जण तर घरातून निघाले आणि डबा हातात नाही आला की डीएनएफ असं मानतात. दोन्ही चालतं, पण काय झालं ते एका ओळीत लिहा म्हणजे मालकाला अंदाज येतो.

प्रतिसाद ४:
थ्रोडाउन म्हणजे, डबा सापडला नाही म्हणून स्वतःच्या खिशातली डबी तिथे टाकायची आणि वर 'फाउंड इट' म्हणून लॉग करायचं. करणाऱ्याला वाटतं आपण मदत केली! होतं काय, की खरा डबा हातभर अंतरावर तसाच असतो, मग एका जागी दोन डबे, अर्धे लोक इकडच्या डब्यातल्या कागदावर सही करतात अर्धे तिकडच्या, आणि त्या दुसऱ्या डबीची देखभाल कोणीच करत नाही. माझ्या मते नवख्यांना हा शब्द सगळ्यात आधी शिकवावा. मालकाने स्वतः सांगितलं असेल की बाबा, बदलून टाक, तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद ५:
टीएफटीसी राहिलं, थँक्स फॉर द कॅश. शब्द चांगलाय पण आता नुसता टीएफटीसी म्हणजे तोंडदेखलं झालंय. माणसाने जागा हेरून, डबा रंगवून, कागद घालून ठेवला आणि त्याला प्रत्येक लॉगचा मेल जातो, त्यात चार अक्षरं! कागद ओला होता, झाकणाला तडा गेलाय, वही भरलीय, असं काही लिहा ना. फक्त डबा कुठे आहे ते फोडू नका, फोटोतही नाही. हिंटमधलं प्रत्येक अक्षर मुद्दाम तेरा घरं सरकवून लिहिलेलं असतं ते उगाच नाही.

धागाकर्ता:
आणि डब्यात धातूची पट्टी असते, नंबर कोरलेला, ती घेतली तर चालते का?

प्रतिसाद ५:
तो ट्रॅव्हल बग. इथे दोन क्रियापदं नीट लक्षात ठेवा. नुसता बघून नंबर टिपलात तर 'डिस्कव्हर', सोबत नेलात तर 'रिट्रीव्ह'. नेलात तर पुढच्या कॅशमध्ये सोडायचा, किल्ल्यांच्या जुडग्याला लावून घरी टांगायचा नाही (असे महाभाग आहेत). नंबर दिसेल असा फोटो कुठेही टाकू नका, मग जगभरातले लोक घरबसल्या डिस्कव्हर करत सुटतात. बाकी छोट्या वस्तू, ज्याला स्वॅग म्हणतात, त्यातलं काही घेतलं तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवायचं. खायचं काही नाही, जनावरं वासावर येऊन डबा फोडतात. गंमत म्हणजे अल्मर यांच्या त्या पहिल्या बादलीत बीन्सचा डबा होता!

प्रतिसाद १:
मगल म्हणजे ज्याला हा खेळ माहीत नाही असा माणूस, शब्द हॅरी पॉटरमधून उचललाय. त्यावरून 'कॅश मगल झाला', म्हणजे कोणीतरी उचलून नेला किंवा मोडला. आपापसात ठीक, पण समोरच्याला तोंडावर मगल म्हणू नका. कोणी विचारलं काय शोधताय, तर सरळ सांगा, लपवाछपवी केली की उलट संशय येतो.

धागाकर्ता:
भारी, सगळ्यांचे आभार. उद्या नॅनोवर, म्हणजे अगदी चिमुकल्या डबीच्या कॅशवर जाणार आहे.

प्रतिसाद ३:
पेन स्वतःचं न्या, नॅनोत मावत नाही. आणि सही झाली की कागदाची गुंडाळी होती तशीच घट्ट करा, नाहीतर झाकण लागत नाही.