शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काय?

कोरोनामुळे शालेय स्पर्धा रद्द झाल्या त्याबद्दल ‘एक मोसम बुडाला तर काय बिघडलं, पुढच्या वर्षी खेळतील’ असं म्हटलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढचं वर्ष नसतंच. जपानमधली कोशिएन मैदानावरची राष्ट्रीय शालेय बेसबॉल स्पर्धा घ्या, ती वर्षातून दोनदा होते. २०२० मध्ये वसंतातली रद्द झाली, मग उन्हाळ्यातलीही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच. देशभरातले संघ एकत्र आणणं धोक्याचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण मुलांना वाऱ्यावर सोडलं नाही. वसंतासाठी निवडलेल्या ३२ संघांना ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर एकेक सामना दिला. एरवी या स्पर्धेत हरलेले खेळाडू आठवण म्हणून तिथली माती पिशवीत भरून घरी नेतात. त्या वर्षी हानशिन टायगर्स या कोशिएनवरच खेळणाऱ्या व्यावसायिक संघाने ती माती घातलेली की-चेन तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या शालेय खेळाडूंना दिली. प्रांतोप्रांती पर्यायी स्पर्धाही झाल्या, जिंकून पुढे कोशिएनला जायचं नसतानाही.