'डू नॉट फॉरवर्ड' लावलेला मेल बाहेर उघडतो, फाइल मात्र उघडत नाही

प्रश्न: आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. पगारपत्रकाची वर्ड फाइल आउटलुकमधून 'डू नॉट फॉरवर्ड' (मेल पुढे पाठवता येऊ नये असं बंधन) लावून दोन ठिकाणी जाते: जीमेलवाले सीए आणि स्वतःचं ३६५ असलेली पेरोल कंपनी. सीएंना नुसती लिंक दिसते, ती उघडली की परवानगी नाही म्हणते. पेरोलवाल्यांना मेल नीट दिसतो, पण वर्ड फाइल उघडताना 'हे खातं टेनंटमध्ये (म्हणजे कंपनीच्या ३६५ च्या स्वतंत्र जागेत) नाही' अशी एरर येते. चूक आमच्या बाजूला आहे की त्यांच्या?

उत्तर १: जीमेलला लिंकच जाते, त्यात बिघाड काही नाही. हक्क माणसाला नव्हे, तुम्ही टाकलेल्या ईमेल पत्त्याला मिळतात. ब्राउझरमध्ये त्यांचं दुसरं गुगल खातं चालू असेल तर नकारच येणार. इन्कॉग्निटो विंडोत लिंक उघडून त्याच पत्त्याने साइन-इन करायला सांगा, नाहीतर वन-टाइम पासकोड मागवू द्या. कोड १५ मिनिटंच चालतो आणि बरेचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. बाहेरच्या ग्रुपच्या पत्त्यावर असा मेल पाठवूच नका, एकेकाचा पत्ता टाका.

उत्तर २: पेरोलची अडचण बहुतेक तुमच्याच बाजूला आहे. 'डू नॉट फॉरवर्ड' लावलं की जोडलेल्या वर्ड फाइललाही तेच संरक्षण लागतं. ती उघडताना वर्ड तुमच्या टेनंटकडे परवाना मागतं. बाहेरच्या सगळ्यांना सगळ्या ॲप्ससाठी एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक ओळख-पडताळणी) सक्तीचं करणारी कंडिशनल ॲक्सेस पॉलिसी (कोणाला कोणत्या अटीवर आत घ्यायचं याचा नियम) असेल, तर तुमच्याकडे गेस्ट खातं (बाहेरच्या माणसासाठीचं पाहुणं खातं) नसलेला माणूस तिथेच अडतो. एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची खाती आणि प्रवेश सांभाळणारी सेवा) त्या पॉलिसीतून 'मायक्रोसॉफ्ट राइट्स मॅनेजमेंट सर्व्हिसेस' हे परवाना देणारं एवढं एकच ॲप वगळा. पॉलिसी सरसकट बंद करू नका, कृपा करून! नाहीतर त्यांच्या लोकांची गेस्ट खाती तयार करा आणि क्रॉस-टेनंट सेटिंगमध्ये (दुसऱ्या कंपनीच्या टेनंटसाठीच्या सेटिंगमध्ये) त्यांच्या एमएफएवर विश्वास ठेवा.

प्रश्नकर्ता: पॉलिसी सापडली, ॲप वगळल्यावर फाइल उघडली. पण सीएंना आकडे कॉपी करायचे असतात.

उत्तर २: 'डू नॉट फॉरवर्ड'मध्ये कॉपी आणि प्रिंट दोन्ही बंद असतात. त्यांच्यासाठी 'एन्क्रिप्ट-ओन्ली' (मेल फक्त कूटबद्ध करणारा पर्याय, कॉपीवर बंदी नसलेला) घ्या. डाउनलोड केलेली फाइल मोकळी हवी असेल तर ॲडमिनकडून एक्स्चेंजच्या (कंपनीच्या मेल सेवेच्या) पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या खिडकीत, 'डिक्रिप्ट अटॅचमेंट फॉर एन्क्रिप्ट ओन्ली' हे ट्रू करून घ्या. मात्र ते अख्ख्या कंपनीला लागू होतं आणि मोकळी झालेली फाइल पुढे कुठेही जाऊ शकते. पगाराचे आकडे आहेत, आधी एचआरला विचारा.