जनहित याचिकेचा खरंच गरिबाला फायदा होतोय का?

माझं मत स्पष्ट आहे, जनहित याचिका (म्हणजे जे स्वतः कोर्टात जाऊ शकत नाहीत त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी केलेली याचिका) ज्यांच्यासाठी सुरू झाली त्यांच्या हातून ती निसटलीय. १९७९ ला हुसैनारा खातून केसमुळे बिहारच्या जेलमधले हजारो कच्चे कैदी सुटले, खटला उभा न राहताच त्यातल्या कित्येकांनी शिक्षेपेक्षा जास्त वर्षं आत काढली होती. आणि आता? फालतू याचिका इतक्या वाढल्या की २०१० ला सुप्रीम कोर्टालाच त्या आवरायला नियम घालावे लागले. त्याहून वाईट म्हणजे याचिका गरिबाच्याच विरोधात जाते. दिल्लीच्या कचऱ्यावरच्या याचिकेत २००० साली कोर्ट म्हणालं की अतिक्रमण करणाऱ्याला फुकट पर्यायी जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणं. झोपडीवाला त्या केसमध्ये बाजू मांडायला होता कुठे?

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. १९८३ चा शीला बारसे निकाल बघा, मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांच्या हालांबद्दल एका पत्रकार बाईंनी कोर्टाला नुसतं पत्र लिहिलं आणि बायकांना वेगळे लॉकअप, महिला पोलिसांचा पहारा असे आदेश निघाले. कोठडीतली बाई स्वतः वकील कुठून आणणार होती? दुसऱ्याने तिच्या वतीने जायची मुभा काढली की तिला काहीच उरत नाही.

प्रतिसाद २: आदेश निघाले हो, पुढे काय? गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या घरच्यांना १० लाख द्या हा निकाल २०१४ चा, याचिका होती २००३ ची. २०२३ ला रक्कम ३० लाख केली. पण ती विधवा ऑफिसात गेली की ठेकेदार म्हणतो हा आमचा माणूसच नव्हता, आणि तो होता हे सिद्ध करायचं तिनेच!

प्रतिसाद १: म्हणूनच तर तो निकाल हातात हवा ना! त्याच्याशिवाय ती कशाच्या जोरावर भांडणार? आणि एससी-एसटी, महिला, मुलं, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा कायद्याचं कलम १२ आहे, पण हे त्यांना सांगतंय कोण? तालुक्याच्या विधी सेवा समितीने वस्तीत जाऊन तिचे कागद करून द्यायला पाहिजेत.

धागाकर्ता: ह्याला माझा विरोध नाहीच. फक्त ज्यांच्या नावाने याचिका आहे त्यांना आधी ऐका आणि निकालानंतरही केस बंद न करता अंमलबजावणीचा हिशोब मागत रहा, एवढंच म्हणणं आहे.