ओवीचं ग्रीस-रोम आणि ए विंगचा विरोध

ओवीची आई (बी-६०४): नमस्कार 🙏 लिफ्टमध्ये रोज वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. ओवीला बीएला प्रवेश मिळालाय. विषय प्राचीन ग्रीस आणि रोम. सप्टेंबरमध्ये इंग्लंडला निघतेय. पेढे उद्या संध्याकाळी.

बँकवाले काका (ए-२०३): अभिनंदन वहिनी. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोरीला मार्क एवढे चांगले आणि विषय हा? दोन हजार वर्षांपूर्वी खपलेली माणसं ती. आपले पाणिनी, कौटिल्य कपाटात धूळ खातायत, ते कोण वाचणार?

जिमवाला (डी-१०५): 👍 पेढे किती वाजता

शिक्षिका मॅडम (डी-४०१): काका, तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देते. आयसीएस म्हणजे इंग्रज सरकारच्या बड्या अधिकाऱ्यांची नोकरी, तिच्या परीक्षेची योजना १८५४-५५ मध्ये आखली, तेव्हा ग्रीकला ७५० मार्क, लॅटिनला ७५० आणि संस्कृतला ३७५. ग्रीक-लॅटिन हे साहेब व्हायचं तिकीट होतं. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या भाषेला निम्मे मार्क.

बँकवाले काका (ए-२०३): बघा! इतिहासाच्या बाईच म्हणतायत.

शिक्षिका मॅडम (डी-४०१): मी विषयाला नाही, मार्कांना नावं ठेवली 😊

सेक्रेटरी (ए-१०२): सभासदांना विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा.

नाना (सी-३०१): सेक्रेटरीसाहेब, पाण्याचं बोललं तर चालेल ना? मग ऐका.

नाना (सी-३०१): माझी अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. इ.स. ९७ मध्ये नर्व्हा बादशहाने फ्रंटिनस नावाच्या गृहस्थाला रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमलं. त्याआधी तो ब्रिटनचा गव्हर्नर होऊन आलेला, म्हणजे वजनदार माणूस. खुर्चीत बसल्यावर त्याने शहराला पाणी आणणाऱ्या नऊच्या नऊ जलवाहिन्यांची माहिती स्वतः गोळा केली आणि लिहून काढली. हाताखालच्यांच्या तोंडाकडे बघत कारभार करणं साहेबाला शोभत नाही, असं कारणही दिलंय. आमच्याकडे नवीन आलेला साहेब पहिल्या दिवशी विचारायचा, गाडी कुठली?

नाना (सी-३०१): बँकवाले, आता हे तुमच्यासाठी. रोमचं सरकारी रजिस्टर त्याने तपासलं. जमा पाणी १२,७५५ माप. वाटलेलं पाणी १४,०१८ माप.

बँकवाले काका (ए-२०३): आलं त्यापेक्षा दिलं जास्त? ऑडिटर पळून गेला असता.

नाना (सी-३०१): हा पळाला नाही. जलवाहिनीच्या तोंडाशी जाऊन मोजलं तर तिथे रजिस्टरपेक्षा कितीतरी जास्त पाणी. मग मधलं जातं कुठे, म्हणून पाइपांच्या मागे लागला. कनेक्शन घेणाऱ्याला ठरलेल्या मापाची काशाची तोटी, तिच्यावर सरकारी शिक्का. प्रत्यक्षात तोट्या बदललेल्या, काहींवर शिक्काच नाही. रस्त्याखालून चोरून भोकं पाडलेली. घर विकलं गेलं की नव्या मालकासाठी टाकीला नवीन भोक, आणि जुनं भोक बुजवायचं नाही! त्यातून पाणीवाले परस्पर पाणी विकणार. शिवाय खात्याचे ७०० गुलाम कामगार, तेही खाजगी कामांवर पाठवलेले.

ओवीची आई (बी-६०४): नाना, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे की मागच्या महिन्यातलं?

नाना (सी-३०१): म्हणूनच मी ते वाचलं. पण आमच्या धंद्यातलं एक सांगतो. फ्रंटिनसचं माप म्हणजे पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ. वेगाने पाणी कमीजास्त होतं हे त्याला दिसत होतं, पण तो वेग हिशोबात धरता येत नव्हता. त्यामुळे त्याने चोरी म्हणून जे मांडलंय, त्यातलं थोडं मोजमापातच हरवलेलं असणार. प्रामाणिक माणूस, कष्टाळू माणूस, तरी आकडा कच्चा. आणि आपण हे आज सांगू शकतो, कारण त्याने निष्कर्षाबरोबर सगळी मापं लिहून ठेवली. त्याची जुनी प्रत १४२९ मध्ये इटलीतल्या एका मठात सापडली म्हणून हे हाती आलं.

बँकवाले काका (ए-२०३): नाना, गोष्ट झकास आहे. पण मराठीत चार पानी लेख वाचून एवढं कळतं. त्यासाठी तीन वर्षं आणि पौंडात फी कशाला?

ओवीची आई (बी-६०४): काका, मी ओवी. आईच्या फोनवरून लिहितेय. नोकरीचं आधी सांगते. हमखास काही नाही. पुढे कायदा किंवा संग्रहालयाचं काम करायचा विचार आहे, नाहीतर शिकवेन. आईबाबांना हे सगळं सांगूनच अर्ज केला.

ओवीची आई (बी-६०४): आणि लेख वाचून कळतं, पण लेख लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलंय का ते कळत नाही. मला ते तपासता यायला हवंय.

बँकवाले काका (ए-२०३): बरं. मग आपलं सोडून त्यांचंच का?

ओवीची आई (बी-६०४): आपल्यासाठीसुद्धा काका. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहिली. त्यात सोपारा आहे, चौल आहे, आपलं कल्याण आहे! पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांवरून भडोचला जायचा, असं आहे. आणि कल्याणचं तर मजेशीर आहे. आधी हे बंदर खुलं होतं, नंतर बंदी आली. चुकून एखादं ग्रीक जहाज इथे लागलंच तर पहारा बसवून भडोचला नेत. भडोचकडचे क्षत्रप राजे आणि आपले सातवाहन यांच्या भांडणातली नाकेबंदी. हे ग्रीकमध्ये लिहिलंय.

शिक्षिका मॅडम (डी-४०१): ओवी, जोगळटेंभी विसरलीस. नाशिकजवळ १९०६ मध्ये चांदीच्या १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. नहपान या क्षत्रप राजाची नाणी, त्यावर ग्रीक अक्षरं, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय. नहपानाला हरवला आणि त्याच्याच पैशावर शिक्का उठवला. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवरही यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, दात्यांची नावं आहेत. पुढच्या वेळी एकवीरेला जाल तेव्हा शेजारच्या लेण्यात दोन मिनिटं थांबा.

बँकवाले काका (ए-२०३): एकवीरेला दरवर्षी जातो आम्ही. हे कोणी सांगितलंच नाही.

टेरेसवाले (सी-७०२): ग्रीक म्हणजे लोकशाही वगैरे ना? बायकांना मत नाही, गुलाम राबवणार, चांदीच्या खाणीत माणसं मरणार, आणि आपण त्यांची आरती ओवाळायची? सॉरी ओवी.

ओवीची आई (बी-६०४): सॉरी कशाला. आरती ओवाळायची असती तर मी हा विषय घेतलाच नसता. (ओवी)

शिक्षिका मॅडम (डी-४०१): दादा, बरोबर बोललात. इ.स.पू. ४२७ ची गोष्ट सांगते. मितिलिनी नावाच्या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. अथेन्सच्या सभेत लोक संतापले आणि ठराव झाला, तिथले सगळे पुरुष मारा, बायकामुलं गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज सुटलं. रात्री लोकांचा राग उतरला, दुसऱ्या दिवशी परत सभा. क्लिऑन नावाचा पुढारी म्हणाला, ठराव बदलायचा नाही. विरोधात उभा राहिलेला डायोडोटस म्हणाला, दयामाया बाजूला ठेवा, यात आपला फायदा काय ते बघा. थोडक्या मतांनी ठराव फिरला. दुसरं जहाज सोडलं. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच दारू-तेलात मळलेलं सातूचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोपले, आणि हुकूम वाचून होत होता तेव्हा पोहोचले.

जिमवाला (डी-१०५): वाचले??

शिक्षिका मॅडम (डी-४०१): शहर वाचलं. बंडाचे म्होरके म्हणून हजारावर माणसं तरी मारलीच. अकरा वर्षांनी मेलोस बेटावर तसाच प्रसंग आला, तेव्हा दुसरं जहाज सुटलंच नाही. हे लिहिणारा थ्युसिडिडीस स्वतः अथेन्सचा, त्यांचा सेनापती राहिलेला. आपल्याच गावाची लाज इतक्या बारकाईने लिहिणारे कुठल्याही देशात थोडेच.

नाना (सी-३०१): बाबासाहेबांनीही रोम असाच वापरलाय. १९३६ मध्ये लाहोरला करायचं जे भाषण आयोजकांनी रद्द केलं, त्यात प्लेबियनांचा दाखला आहे. रोममधल्या या सामान्य वर्गाने भांडून कॉन्सुलपदावर, म्हणजे राज्यातल्या सर्वात वरच्या पदावर, हक्क मिळवला. पण बाबासाहेब म्हणतात, निवडलेला माणूस देवीला मान्य आहे की नाही, हा कौल सांगणार पॅट्रिशियनांचे, म्हणजे वरच्या वर्गाचे पुजारी. मग खमका प्लेबियन निवडून येणार कसा? राजकीय हक्क मिळूनही धर्माची चावी दुसऱ्याच्या हातात असली तर काय होतं, ते त्यांनी तिथून दाखवलं. त्यांना रोमचं कौतुक करायचं नव्हतं, पुरावा हवा होता.

टेरेसवाले (सी-७०२): हे माहीत नव्हतं. भाषण घरात आहे, आज काढतो.

बँकवाले काका (ए-२०३): ओवी बेटा, मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पौंडाचा भाव बघितलास का? संस्कृत सोडू नकोस, एवढं तरी ऐक.

ओवीची आई (बी-६०४): दुसऱ्या वर्षी तुलनात्मक व्याकरणाचा पेपर आहे काका, त्यात संस्कृत घेता येतं. घेणार आहे. (ओवी)

बँकवाले काका (ए-२०३): मग ठीक. आणि नाना, ते जमा-वाटपाचे आकडे मला वेगळे पाठवा. टँकरच्या रजिस्टरशी ताडून बघतो.

सेक्रेटरी (ए-१०२): टँकरचं रजिस्टर ऑफिसमध्ये आहे, कोणीही बघू शकतं. सोमवार ते शनिवार, ११ ते १.

नाना (सी-३०१): रजिस्टर नको. मला वॉचमनबरोबर टाकीवर जाऊ द्या.